बिनबियांचं तिखट

शेजारच्या अंगणात आज सकाळपासून वर्षाच्या तिखटाचं काम निघालंय. तेलाच्या हातानं मिरच्या कढईत परतल्या जातायत आन त्याचा खकाणा भिंत ओलांडून माझ्या ओसरीवर येऊन बसलाय. शेजारची सून दोनदा हाक मारून गेली, "बाबा, आत बसा, ठसका लागंल." मी हाललो न्हाई. चैताचं ऊन, निंबाची पातळ सावली, बाजंवर लाल मिरची पसरलेली आन हवेत तो नाक झोंबवणारा वास. आमच्या नेकनूरकडच्या गावांत ह्या दिवसांत असा वास घरोघर असतो, त्यात नवल काही न्हाई. पण माझ्या घरात चार उन्हाळे एक निराळाच वास होता. त्याला ठसका नव्हता. बी काढून टाकलेल्या मिरचीचा वास उन्हात पडलेल्या पिकल्या बोरासारखा असतो, गोडसर, जरासा आंबूस, सावकाश येणारा. तो वास घरात आणणारं माणूस मागच्या भादव्यात गेलं. आता घराला राखेचा वास येतो, न्हाईतर माझा.

दुःखानं माणूस मऊ होतं म्हणतात. मला तसा अनुभव न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस. पुण्यात नऊ वर्षं वॉचमनकी केली, आन वॉचमनकी म्हणजे पगार घेऊन शक करायचं काम. कोण आलं, कावून आलं, जाताना हातात काय हाय. बायको गेल्यावर तो शक कमी व्हायच्या ऐवजी घरभर मोकळा फिरायला लागला. सांत्वनाला कोण आलं की मी त्याच्या तोंडाकडं बघून मनात म्हणायचो, ह्याची नियत काय. पाव्हण्यानं जास्त येळ हात धरला तरी मी हात सोडवून घ्यायचो. तुमच्यातबी असं कोण असंल, तर त्याला मी काय म्हणतो ते कळंल. एकलं राहिलेलं माणूस सगळ्यात आधी भ्यायला लागतं ते दुसऱ्याच्या मायेला.

पुण्यात ज्या बंगल्यावर मी होतो, त्याचा खालचा हॉल आन मागचं स्वयंपाकघर कोरियन लोकांच्या मंडळाकडं होतं. चाकणच्या बाजूला त्यांच्या देशाच्या कंपन्या हायत. साहेब लोक बायकापोरं घेऊन चार-पाच वर्षांसाठी येतात, काही मग हितंच राहतात. अशा परमुलखात राहणाऱ्यांनी मिळून ते मंडळ केलेलं. त्यांच्या बोलीत त्याला हानिनहे असं काहीतरी म्हणतात, मला ते कधी नीट म्हणता आलं न्हाई. शनिवारी तिथं त्यांच्या पोरांची शाळा भरायची, कारण पोरं हितल्या इंग्रजी शाळांत जाऊन आपली अक्षरं विसरायला लागलेली. गोल आन काड्यांची अक्षरं, आमच्या चुलीपुढच्या रांगोळीसारखी. नवं बिऱ्हाड आलं की मंडळाच्या बायका त्यांच्या घरी जाऊन भाजी कुठं मिळती, डॉक्टर कुठला बरा, सगळं दाखवून यायच्या. पुनवेच्या सणाला हॉलमधी लांबलचक बैठक, दाराशी बुटांचा ढीग, आन आत एकाच ताटलीतून दहा जण खाणारे. देश सोडून आलेली माणसं, पण देश गाठोड्यात बांधून आणलेला. मी गेटवर बसून बघायचो आन म्हणायचो, एवढं गोड बोलतायत म्हणजे आत काहीतरी भानगड असणार.

माझा हा वहीम उगाच नव्हता. आमच्या जिल्ह्याच्या लोकांचंबी पुण्यात एक मंडळ होतं. वर्षातून एकदा फेटे, हार, भाषणं, "आपला माणूस आपल्या पाठीशी". माझा धाकटा भाऊ तिथंच एका कारखान्यात कामाला असताना वारला. मयत गावाकडं न्यायला गाडी पाहिजे होती. अध्यक्षाचा फोन सकाळपासून दुपारपर्यंत वाजत राहिला, कोणी उचलला न्हाई. शेवटी मार्केटातून परत निघालेल्या भाजीच्या टेम्पोत त्याला आणला, कोथिंबिरीच्या काड्यांवर निजवून. तवापासून मंडळ हा शब्द ऐकला की माझ्या नाकात कोथिंबीर येते.

माझी बायको त्या कोरियन मंडळाच्या स्वयंपाकघरात झाडलोट, भांडी बघायची. मंडळाच्या बायका तिला इमो म्हणायच्या. त्यांच्याकडं कंपनीत दुभाषी म्हणून कामाला असलेली एक सोलापूरकडची पोरगी होती, तिनं सांगितलं, इमो म्हणजे मावशी. ते ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं. कामवालीला मावशी म्हणायची चाल पुण्यातबी हाय. मावशी म्हणायचं आन तिचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवायचा. आमच्या वडलांनी धम्म घेतला, ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यायचे दिवस मागं पडले, पण कप कुठं ठेवलाय हे बघायची नजर काही गेली न्हाई. ती कामाला लागली त्या आठवड्यातच मी भांड्याची फळी धुंडाळली. वेगळा कप सापडला न्हाई. मी तिला म्हणालो, "लपवून ठेवला असंल." ती म्हणाली, "हो, तुमच्या भ्यानं तिजोरीत ठेवलाय."

हिवाळा लागला की त्या लोकांचं मोठं काम निघायचं. आपल्याकडं उन्हाळ्यात कुरडया-पापड घालायला गल्लीच्या बायका जमतात, तसं. अंगणात ताडपत्री, त्यावर लांबट पानकोबीचे ढीग. कोबी उभा चिरून मिठात एक रात्र मुरू द्यायचा, सकाळी धुवायचा, आन पानापानाच्या मधी तिखट-लसणाचा लाल लगदा चोळायचा. त्याला किमची म्हणतात, आन ती वर्षभर पुरली पाहिजे. लगद्याचं तिखट ते लोक आपल्या देशातून आणायचे, प्रत्येक येणाऱ्याच्या बॅगेत एक पुडा. मग ते साल आलं जवा विमानं बंद झाली. हिवाळा आला, कोबी आला, तिखट न्हाई. मंडळात एक म्हातारी होती, कुठल्या मोठ्या साहेबाची आई, पाठीत वाकलेली, सगळ्या बायका तिच्या शब्दाबाहेर जात नसत. ती त्या दिवशी रिकाम्या ताडपत्रीवर एकलीच बसून राहिलेली मी बघितली.

आमच्या घरच्या बाईसाहेबांनी आपल्या डब्यातलं मूठभर तिखट नेऊन तिच्यापुढं ठेवलं. म्हातारीनं जिभेला लावलं, डोळ्यांतून पाणी काढलं, मान हलवली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत न्हाई. म्हातारीनं तिखट चिमटीत धरून दाखवलं, एवढं बारीक नको. एक बी उचलून बाजूला ठेवलं, हे नको. पुढच्या खेपेला हिनं ब्याडगी आणली, रंगाला लाल आन जिभेला सौम्य. प्रत्येक मिरची ओल्या फडक्यानं पुसली, पोट फाडून बी झटकलं, चार उन्हं दिली, आन उखळात भरडच कुटली. तेबी पसंत न्हाई. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं चाखलं आन हिचं मनगट धरून हिला ताडपत्रीवर आपल्या शेजारी बसवलं. संध्याकाळपर्यंत दोघी पानं चोळत होत्या. पहिला कोबी तयार झाल्यावर म्हातारीनं त्यातलं एक पान गुंडाळलं आन आपल्या हातानं हिच्या तोंडात भरवलं. मी गेटवरून बघत होतो. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं. लहानपणी जे बघितलेलं असतं, त्याच्यावर एकदम असं काही येऊन पडलं की माणसाला ते बघवत न्हाई, चांगलं असलं तरी.

पुढं माझे गुडघे गेले आन आमी गावाकडं आलो. मला वाटलं, संपलं. पण ती दर उन्हाळ्याला बीडच्या मोंढ्यातून ब्याडगी आणायची, ओसरीवर बसून बी काढायची, सुकवून डब्यात भरायची, आन दिवाळीनंतर कुटून पुण्याच्या गाडीत पिशवी ठेवून द्यायची. गल्लीच्या बाया हसायच्या. "मावशे, बिनबियांचं तिखट म्हणजे तिखट का कुंकू गं?" ती म्हणायची, "लावून बघ, नवरा ओळखतो का." मी मात्र हसत नव्हतो. मी तिला तोंडावर सांगायचो, "मिरची हाय तवर तू मावशी. पिशवी बंद झाली की बघ, कोण इचारतंय." ती मिरचीचं पोट फाडता फाडता म्हणायची, "तुमाला कुत्र्यानं शेपूट हलवलं तरी वाटतं, भाकर मागतंय."

"मग काय मागतंय?"

"काही न्हाई. शेपूट हलवतंय."

हे भांडण आमच्यात चार वर्षं चाललं आन मिटायच्या आधीच ती गेली. ताप आला, केजच्या दवाखान्यात नेलं, तिथून बीडला, आन पाचव्या दिवशी मी एकला परत आलो. पोरीनं पुण्याला मंडळात निरोप कळवला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळं गाव आलं. मंडळाचं कोणीबी आलं न्हाई. मला दुःखातबी एक तसल्ली वाटली, खोटं कशाला बोलू. म्हणलं, बघ, मी सांगत होतो. पण सांगायचं कोणाला? भांडण जिंकलं आन समोर माणूसच न्हाई, अशी ती जीत.

मग दिवाळीच्या पुढं-मागं अनोळखी नंबराचे फोन यायला लागले. मी उचलत नसतो. आजकाल फोनवर चोर फिरतात. एकदा उचलला तर बाईमाणूस म्हणालं, "बाबा, कोरियन मंडळातून बोलते." मी म्हणालो, "मिरची संपली," आन ठेवून दिला. शेवटी पोरीचाच फोन आला, "अण्णा, ते लोक घरी येणारेत. नीट बोला." म्हणजे बघा. मयतीला न्हाई, कार्यक्रमाला न्हाई, आन कोबीचा हंगाम तोंडावर आल्यावर घरी येणार. उन्हाळ्यात तिनं बी काढून, सुकवून ठेवलेल्या मिरच्यांचा डबा फळीवर तसाच होता, कुटायचा राहिलेला. तिच्या हाताचं शेवटचं काम ते. मी तो डबा उचलला आन बाजंवर घड्या घालून ठेवलेल्या वाकळांच्या खाली दडवला.

दुपारी गाडी आली. गावात खबर आधीच गेलती. माझा एक जीपवाला दोस्त फाट्यावरनं मागं मागं आला आन कानात म्हणाला, "काय बे, धर्म बदलायला आलेत काय तुझा?" म्हणलं, "आमच्या बापानं एकदा बदललाय. घडीघडी बदलायला ते काय धोतर हाय?" गाडीतून तीन बायका उतरल्या. ती म्हातारी, आणखी वाकलेली. तिची सून, मंडळात बायकांचं काम बघणारी, हातात वही. आन ती सोलापूरकडची दुभाषी पोरगी.

म्हातारी सरळ घरात शिरली. भिंतीवरच्या हिच्या फोटोपुढं गेली, पिशवीतून एक डबी काढून खाली ठेवली, आन हळूहळू गुडघ्यांवर येऊन कपाळ भुईला टेकवलं. उठली, परत टेकवलं. दोनदा. माझ्या मनात आलं, एक हिच्यासाठी आन एक मिरचीसाठी. मी दुभाषीला इचारलं, दोनदा कावून? ती म्हणाली, "जित्या माणसाला एकदा, गेलेल्या माणसाला दोनदा, अशी त्यांची रीत हाय." डबीत मागच्या हिवाळ्याची किमची होती, हिच्या तिखटाची, तळाची राहिलेली. मग म्हातारी माझ्याकडं वळली आन एकदा वाकली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई माझ्यापुढं भुईवर. मी तिला दंडाला धरून उठवलं आन बाजंवर बसवलं. नेमकं वाकळांना टेकून.

कार्यक्रमाला कावून आला न्हाईत, हे मी पहिलं इचारलं. दुभाषीनं सांगितलं, म्हातारीच्या माकडहाडाला मार लागलेला, दीड महिना पाठीवर होती, आन 'माझ्याशिवाय कोणी जायचं न्हाई' असं म्हणून तिनं सगळ्यांना अडवलं. खरं असंल, खोटं असंल. मग सुनेनं वही उघडली आन दुभाषीमार्फत इचारलं, "बाबा, ह्या वर्षीची मिरची त्यांनी करून ठेवलती का?"

मी ह्याचीच वाट बघत होतो. म्हणलं, "संपली. ती गेली, मिरचीबी गेली. आता तुमी मोकळ्या."

दुभाषीनं ते कसं सांगितलं कोण जाणे. सुनेनं वहीत काहीतरी खोडलं. पण म्हातारी माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मान जराशी वाकडी करून वाकळांकडं नाक नेलं होतं. तो बोराच्या वासासारखा वास. ज्या बाईनं जन्मभर हेच काम केलं तिच्यापुढं मी डबा दडवला आन तिलाच त्याला टेकवून बसवलं, माझ्यासारखा येडा मीच. तिनं वाकळेवर हात ठेवला, वरची घडी सारखी केली, माझ्याकडं बघितलं. सून वहीत बघून परत काही बोलायला लागली तसं म्हातारीनं तिच्या हातावर चापट मारली, पोराला मारावी तशी, आन दोन शब्द बोलली. मी इचारलं, काय म्हणाल्या? दुभाषी हसू दाबत म्हणाली, "म्हणाल्या, आपण त्यासाठी आलो न्हाई."

मग कशासाठी, तर ते असं. वर्ष संपताना मंडळाची सभा भरते. वर्षभरात मंडळाचं जे कोणी वारलं त्याचं नाव वाचतात, आन सगळे उभे राहतात. परमुलखात मेलेल्याचं नाव घ्यायला दुसरं कोण असतं. म्हातारीनं सांगितलं, ह्यात इमोचं नाव पाहिजे. मंडळाचा नियम, नाव फक्त आपल्या लोकांचं. त्यावर दोन बैठका झाल्या. सून नियमाच्या बाजूनं होती, हे म्हातारीनं सुनेच्या देखतच सांगितलं. म्हातारी म्हणाली, आपल्या चार हिवाळ्यांचं जेवण जिच्या हातचं, ती आपली न्हाई तर कोण. शेवटी मंडळ कबूल झालं, यादी लिहायला घेतली, आन तिथं सगळे अडले. तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मंडळाच्या कागदावर 'वॉचमनची बायको' एवढंच लिहिलेलं. ते फोन त्यासाठीच होते, आन मी नीट बोललो न्हाई तवा म्हातारी म्हणाली, घरी जाऊनच इचारू.

मला आधी राग आला. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आन नाव इचारलं न्हाई. तो राग तोंडापर्यंत आला आन तिथंच थांबला, कारण म्हातारीनं पुढं होऊन इचारलं, "नाव काय?" आन माझी जीभ हालंना. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत न्हाईत. मी तिला "अगं" म्हणायचो, "ऐकतीस का" म्हणायचो, लोकांत पोरीची आई म्हणायचो. दवाखान्याच्या कागदावरबी नाव पोरीनं सांगितलं. लग्न लागल्यावर घरात शिरताना बहिणींनी दार अडवलं, तवा एकदा घेतलं होतं, खाली मान घालून, यमक जुळवत. त्यानंतर न्हाई. त्या परमुलखातल्या बायकांना काय बोलू? मी तर घरातला.

मी नाव सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. म्हातारीनं ते उचललं, पण मधलं अक्षर तिच्या जिभेला येईना. मी म्हणलं, तसं न्हाई, असं. ती परत चुकली. मी परत सांगितलं. सुनेनं वहीत गोल-काड्यांच्या अक्षरांत लिहिलं, वाचलं, तेबी चुकलं. मी आणखी सावकाश सांगितलं, अक्षर अक्षर तोडून. बाहेर ओट्यावर गल्लीच्या बाया जमलेल्या, त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या, म्हातारा बायकोचं नाव घेतोय, परत घेतोय. आख्ख्या संसारात जेवढं घेतलं नव्हतं तेवढं त्या अर्ध्या घटकेत मी तिचं नाव घेतलं, आन कोणी दार अडवलेलं नव्हतं. शेवटी म्हातारीला बऱ्यापैकी जमलं. मी म्हणालो, चालंल.

निघताना मी दुभाषीला म्हणालो, म्हातारीचं नाव इचार. म्हातारी खुदकन हसली. तिच्या देशातबी तिला पोराच्या नावानं, फलाण्याची आई म्हणूनच हाका मारतात. तिनं आपलं नाव सांगितलं तसं सुनेनं वहीतून वर बघितलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकलं. ते मला एका झटक्यात म्हणता आलं. ते मी हितं लिहीत न्हाई, आन आमच्या माणसाचंबी लिहीत न्हाई. ज्यांना पाहिजे होतं ते येऊन घेऊन गेले.

डबा मी दिला न्हाई. ते गेल्यावर वाकळा काढल्या आन तो परत फळीवर ठेवला. तिनं दिला असता, मला माहीत हाय. पण ती ती होती. आन खरं सांगायचं तर शक अजून गेलेला न्हाई. सुनेनं मिरची इचारली ते इचारलीच. माणूस एकाच गाडीतून दोन कामांनी येतं, एक वहीतलं आन एक मनातलं, आन कुठलं आधी होतं हे त्याचं त्यालाबी सांगता येत नसंल. मी कोणत्या मायेनं तिच्यासंगं एवढा संसार काढला आन कोणत्या सवयीनं, हे मला तरी कुठं सांगता येतं.

मागच्या महिन्यात रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं. मतदार यादीतूनबी कमी होणार, त्याचा कागद भरलाय. माणूस गेलं की पुढं कितीतरी दिवस त्याचं नाव खोडायचंच काम चालतं, एकेका कचेरीत, एकेका शिक्क्यानं. जिथं ती भांडी घासायची त्या एकाच ठिकाणी ते नव्यानं लिहिलं गेलं, तेबी मला वाचता न येणाऱ्या अक्षरांत. त्यांची सभा होऊन आता तीन महिने झाले. तिथं ते वाचलं का, लोक उभे राहिले का, का ऐन येळेला नियम आडवा आला, मला ठाऊक न्हाई.

पोरगी आली होती परवा. म्हणाली, "अण्णा, त्या दुभाषी ताईला फोन लावते. व्हिडिओ काढला असंल त्यांनी, मागवून घेऊ."

मी म्हणलं, राहू दे.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमी कवापासून इश्वास ठेवायला लागलात लोकांवर?"

"ठेवला न्हाई," मी म्हणालो. "इचारलं न्हाई, एवढंच."